नाक मोजून नट सापडत नाही

नटाचं अर्कचित्र समोर आलं की आपल्याकडे शेरा ठरलेला असतो. एकतर ‘हुबेहूब!’, नाहीतर ‘छे, नाही जमलं.’ हा निकाल देणारा पाहतो काय? नाक, हनुवटी, टक्कल. मालिकेतला नाहीतर मोबाइलमधला चेहरा डोक्यात धरून तो चित्राशी ताडतो आणि मोकळा होतो. त्या नटाचं एकही नाटक त्याने पाहिलेलं नसतं. याचा मला संताप येतो. आणि अशाच परीक्षकांसाठी चित्रं काढणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

प्रभाकर पणशीकरांचं उदाहरण घ्या. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आलं. फिरत्या रंगमंचावर पणशीकर एकाच प्रयोगात पाच भूमिका उभ्या करायचे. नाटक मुळी ओळख पटवण्याचंच आहे. कोर्टात एकामागून एक साक्षीदार सांगतात, हाच तो. आणि निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे ते साफ नाकारतो. आता पणशीकरांचं चित्र साधलं असं कधी म्हणायचं? घरच्या चेहऱ्याशी जुळलं म्हणून? तो चेहरा प्रेक्षकाने त्या प्रयोगात पाहिलेलाच नसतो. पाचही सोंगांच्या आत जो एकच बिलंदर माणूस बसलेला असतो, त्याचा निगरगट्ट निवांतपणा रेषेत उतरला, तरच ते चित्र पणशीकरांचं. नाक चुकलं तरी चालेल.

‘नटसम्राट’ १९७० साली आलं. आप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी केले, पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, यशवंत दत्तांनीही केले. भूमिका तीच, शब्द तेच. तरीही ज्याने यांतले दोघे जरी पाहिले असतील, तो एकाला दुसरा समजणार नाही. कोण वाक्याआधी किती थांबतो, कोण खचताना गुडघ्यातून खचतो आणि कोण मानेतून, हे त्याच्या डोळ्यांत बसलेलं असतं. आता आपल्याकडची ‘नटसम्राट’ची अर्कचित्रं समोर ठेवून बघा. वेश झाका, कोपऱ्यातलं नाव झाका आणि सांगा, कोण आहे? बहुतेक वेळा कुणीच नसतं. म्हातारपणाचा एक पोशाख तेवढा उभा असतो.

याला मी सरळ लबाडी म्हणतो. फोटोवरून डोकं चौपट मोठं करायचं, खाली बाहुलीएवढं धड चिकटवायचं, हातात भूमिकेची खूण द्यायची. नटी असेल तर तेवढंही धाडस नाही. चेहरा गोड ठेवायचा, पापण्या लांब करायच्या आणि पदर उडवायचा. हल्ली तर हे काम अ‍ॅपही करतं, आणि तक्रार करायला जागा नाही, कारण माणसानेच आधी यंत्रासारखं काम करून ठेवलं होतं. एका सत्कारात असंच फ्रेम केलेलं चित्र एका ज्येष्ठ नटाच्या हातात दिलं गेलं. टाळ्या पडल्या. ज्या माणसाने आयुष्यभर पाठीने आणि खांद्यांनी अभिनय केला, त्याला त्या चित्रात खांदेच नव्हते.

नटाचं चित्र कसं असतं ते पाहायचं तर जपानच्या शाराकूकडे जावं लागतं. १७९४ मध्ये एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, या माणसाने काबुकी नटांची चित्रं छापायला सुरुवात केली. सुमारे दहा महिन्यांत १४० च्या वर चित्रं केली आणि तो दिसेनासा झाला. ओतानी ओनिजी या नटाचं त्याचं चित्र जगभर माहीत आहे. पैसे लुटायला निघालेला गुंड. हनुवटी पुढे काढलेली, डोळे नाकाकडे वळलेले, ओठ घट्ट आवळलेले, आणि छातीपाशी कपड्यातून बाहेर आलेले दोन पंजे, बोटं फाकलेली. शरीरशास्त्राच्या हिशेबाने ते हात साफ चूक आहेत. फार लहान आहेत आणि त्या खांद्यांना जोडताच येत नाहीत. पण झडप घालण्याच्या आधीचा तो क्षण त्या बोटांमध्येच आहे. आपल्या ‘हुबेहूब’वाल्यांनी हे चित्र पहिल्या फेरीतच नापास केलं असतं.

स्त्रीभूमिका करणारे पुरुष काढताना शाराकूने आणखी मोठी गोष्ट केली. बाईच्या प्रसाधनाखालचा प्रौढ पुरुषाचा जबडा त्याने लपवला नाही. एकाच चेहऱ्यावर दोघंही दिसतात. फार खरं काढायला गेला म्हणून टिकला नाही, असा शेरा त्या काळच्या टिपणांत त्याच्याबद्दल आहे. मला इथे बालगंधर्व आठवतात. उतारवयात शरीर सुटल्यावरही ते रुक्मिणी होत आणि लोक रुक्मिणीच पाहत. त्यांचं खरं अर्कचित्र म्हणजे ते थकलेलं शरीर आणि ती रुक्मिणी, दोन्ही एकाच रेषेत. नुसती सुंदर बाई काढली तर ती खुशामत, आणि नुसता जाडा पुरुष काढला तर ती टवाळी.

न्यूयॉर्कचा अल हर्शफेल्ड सत्तर वर्षांहून अधिक काळ ब्रॉडवेचे नट काढत राहिला. तो नाट्यगृहात जाऊन बसायचा, अंधारात, खिशात हात घालून कागदावर खुणा करायचा. मूळ कष्ट हेच आहेत, आणि नेमके तेच आपल्याकडे टाळले जातात.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. चित्रकाराला व्हॉट्सअ‍ॅपवर नटाचे फोटो पाठवणं बंद करा. त्याला प्रयोगाचं तिकीट काढून द्या, आणि तेही बाल्कनीचं, जिथून नाक-डोळे दिसत नाहीत. तिथून त्याला जे दिसेल तेवढंच छापा.