महिलांची फूटी : आक्षेप आणि उत्तरे

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडची ‘फूटी’, हा अंडाकृती मैदानावर लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अंगझटीचा खेळ आहे. चेंडू पायाने मारायचा किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा, फेकायचा नाही. मधल्या दोन उंच खांबांमधून मारला तर सहा गुणांचा गोल, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. किमान 15 मीटरवरून आलेली किक मधे कोणाचाही स्पर्श न होता झेलली, तर तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्या खेळाडूला पुढची किक निवांत मारता येते. पुरुषांच्या संघाचे मैदानावर 18 खेळाडू असतात, महिलांच्या संघाचे 16. महिलांचा चेंडू किंचित लहान असतो आणि डावही आखूड असतात. महिलांची राष्ट्रीय लीग, एएफएलडब्ल्यू, 3 फेब्रुवारी 2017 रोजी मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्या सामन्याने सुरू झाली. 24,568 प्रेक्षक आत आल्यावर दरवाजे बंद करावे लागले. बाहेर राहिलेल्यांची माफी मागायला लीगचे मुख्याधिकारी गिलन मॅक्लॅकलन स्वतः गेले.

आक्षेपही त्याच हंगामापासून सुरू झाले. त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप दर्जाचा आहे. गुणसंख्या कमी राहते, किक लांब जात नाहीत, चेंडूभोवती नुसता घोळका होतो, असे पूर्वपक्षाचे म्हणणे. पहिल्या अंतिम सामन्यात ॲडलेडने ब्रिस्बेनला 35 विरुद्ध 29 अशा गुणांनी हरवले. पुरुषांच्या सामन्यात इतके गुण कधीकधी एकाच डावात होतात. तेव्हा निरीक्षण खोटे नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

मुलींना हा खेळ शिकायला किती वर्षे मिळाली, हे आधी पाहायला हवे. व्हिक्टोरिया राज्यात मुली लहानपणी मुलांच्या संघातून खेळत. बारा वर्षांच्या झाल्या की त्यांना संघाबाहेर काढले जाई. पुढे खेळावे तर मुलींचे संघ जवळपास नव्हतेच. म्हणजे ज्या वयात किकची लय पायात बसते आणि अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची भीती मोडते, नेमक्या त्याच वयात सराव तुटे. 2003 मध्ये तीन मुलींनी या नियमाविरुद्ध राज्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. निकाल अंशतःच त्यांच्या बाजूने लागला, पण त्याच्या पाठोपाठ 2004 मध्ये व्हिक्टोरियात मुलींची स्वतंत्र स्पर्धा उभी राहिली. त्या तिघींपैकी पेनी क्युला-रीड पुढे कॉलिंगवूडकडून राष्ट्रीय लीगमध्ये खेळली. पहिल्या हंगामातल्या खेळाडूंपैकी कित्येक जणी बास्केटबॉल, ॲथलेटिक्स किंवा सॉकरमधून आल्या होत्या. पहिल्या अंतिम सामन्याची सर्वोत्तम खेळाडू एरिन फिलिप्स हिची तोवरची कारकीर्द बास्केटबॉलमधली होती. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळून ती तिशीत फूटीकडे परतली, कारण तिच्या किशोरवयात या खेळात तिच्यासाठी वाटच नव्हती.

आता खेळाडूचा आठवडा पाहावा. पहिल्या हंगामात किमान मानधन साधारण साडेआठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, तर मोजक्या नामांकित खेळाडूंना 27,000 मिळाले. करारात सरावाचे तास मोजून दिलेले होते. दिवसभर शाळा, इस्पितळ, रुग्णवाहिका किंवा पोलीस ठाणे सांभाळून खेळाडू संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सरावाला येत. व्यायामशाळा, मालिश, चित्रफितींवरची चर्चा हे सगळे त्याच मोजक्या तासांत उरकायचे. मेलबर्न संघाची कर्णधार डेझी पिअर्स पेशाने सुईण होती. पुरुष खेळाडूला दुपारची विश्रांतीसुद्धा पगारी असते. तिला ती रजा टाकून घ्यावी लागे. अशा दोन खेळाडूंच्या किकची लांबी एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

पुरुषांचा इतिहासही इथे आठवायला हवा. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग 1897 मध्ये सुरू झाली आणि त्यानंतरची कित्येक दशके तिचे खेळाडू सुतारकाम, शिक्षकी, पोलिसातली नोकरी करूनच खेळत. पूर्ण वेळ व्यावसायिक पुरुष खेळाडू ही अलीकडची गोष्ट आहे. नोकरी सांभाळून खेळण्याच्या त्या जुन्या काळाला चाहते सुवर्णयुग म्हणतात. तीच परिस्थिती स्त्रियांच्या वाट्याला आल्यावर मात्र ती त्यांच्या कुवतीचा पुरावा ठरते. हा दुटप्पीपणा सोडल्याशिवाय दर्जाची चर्चा प्रामाणिकपणे होऊच शकत नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा आणि पैशाचा. 2019 चा अंतिम सामना ॲडलेड ओव्हलवर 53,034 लोकांनी पाहिला, हे सांगितले की प्रवेश फुकट होता असे उत्तर मिळते. प्रवेश फुकट होता आणि पुढे साखळी सामन्यांची गर्दी घटली, हे दोन्ही मान्य करावे लागेल. पण पहिला हंगाम सात फेऱ्यांचा होता आणि तो भर उन्हाळ्यात, पुरुषांच्या हंगामाआधीच्या फटीत बसवला होता. 2022 मध्ये तर एकाच वर्षात दोन हंगाम झाले, कारण स्पर्धा जानेवारीतून ऑगस्टकडे सरकवली गेली. वेळापत्रक स्थिर नाही, सामने लहान मैदानांवर, अशा स्थितीत प्रेक्षकाला सवय लागायची कशी? गर्दी हा पुरवठ्याचाही परिणाम असतो. शिवाय ऑगस्ट 2022 पासून किमान मानधन 20,239 वरून 39,184 डॉलरवर आणि वरच्या श्रेणीचे 71,935 वर गेले, ती वाढ 94 टक्क्यांची होती. तरीही ही किमान रक्कम पूर्ण वेळ राबणाऱ्या ऑस्ट्रेलियन कामगाराच्या त्या वेळच्या किमान वार्षिक वेतनापेक्षा थोडी कमीच होती. महिला खेळाडूंवर उधळपट्टी चालली आहे, ही ओरड या आकड्यांपुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप शरीराचा, आणि त्याला हळुवारपणेच उत्तर द्यायला हवे, कारण त्यात खरी वेदना आहे. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटण्याचे प्रमाण महिला खेळाडूंत पुरुषांच्या कित्येक पट आहे. 2019 च्या त्याच अंतिम सामन्यात फिलिप्सचा गुडघा गेला. अशी दुखापत झाली की हंगाम गेलाच; नोकरी करणारीचे कामही अडते. पण शरीररचना हे एकच कारण नाही. उडी मारून उतरण्याचे, अचानक वळण्याचे आणि टॅकल झेलण्याचे प्रशिक्षण उशिरा मिळणे, ताकदीच्या व्यायामाला वेळ न मिळणे, हीही कारणे आहेत. योग्य सरावाने या दुखापती लक्षणीय घटतात, हे अन्य खेळांत दिसून आले आहे. मेंदूच्या इजेचेही तसेच. ॲडलेडच्या पहिल्या विजेत्या संघातली हेदर अँडरसन 2022 मध्ये वयाच्या 28 व्या वर्षी गेली, आणि वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार निदान झालेली ती पहिली व्यावसायिक महिला खेळाडू ठरली. हाच विकार पुरुष खेळाडूंपैकी ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर आणि डॅनी फ्रॉली यांच्यातही आढळला. म्हणून कोणी पुरुषांना घरी बसा म्हटले नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला किमान 12 दिवस सामन्याबाहेर ठेवण्याचा नियम दोन्ही लीगना लागू झाला. उपाय हाच आहे, आणि तो आणखी कडक व्हायला हवा.

ज्या विरोधाला युक्तिवादाचीही गरज वाटत नाही, त्याचा अनुभव मार्च 2019 मध्ये एएफएलडब्ल्यूची खेळाडू टेला हॅरिस हिला आला. किक मारताना हवेत झेपावलेल्या तिच्या छायाचित्राखाली समाजमाध्यमांवर इतके अश्लील शेरे पडले की ते प्रसिद्ध करणाऱ्या दूरचित्रवाहिनीने ते छायाचित्रच काढून टाकले. संताप उसळल्यावर ते परत आले, आणि त्याच वर्षी त्या किकचा पुतळा मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये उभा राहिला.

मंडनाचा मुख्य आधार मात्र खेळाडूंच्या चिकाटीत आहे. पिअर्सने 2019 मध्ये जुळ्यांना जन्म दिला, पुढच्याच वर्षी ती मैदानावर परतली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तिच्या नेतृत्वाखाली मेलबर्नने ब्रिस्बेनला 19 विरुद्ध 15 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. 2023 मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंचा पहिला एकत्रित करार झाला. 2004 मध्ये, मुलींची स्पर्धा सुरू झाली त्या वर्षी, जन्मलेल्या मुली 2022 मध्ये अठरा वर्षांच्या होऊन खेळाडू-निवडीला पात्र झाल्या. त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमधल्या, म्हणजे एएफएलच्या, सर्व 18 क्लबांचे महिला संघ पहिल्यांदा मैदानात उतरले.