छापखाना त्यांचा, मोबाईल आपला, बातमी कोणाची?

नरडाणा हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, शिंदखेडा तालुक्यातले गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन, शेजारी एमआयडीसी. इथल्या वस्तीतल्या तरुणाच्या हातात आज मोबाईल आहे. १९३७ साली बाबासाहेब धुळ्यात खटल्यासाठी आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तिथे जमणारा भीमसागर हा तरुण क्षणात जगभर पाठवू शकतो. पण बातमी कोणती, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर आपला माणूस बसला आहे काय?

हा प्रश्न एका परदेशी प्राध्यापकाने जाहीरपणे विचारला. रॉबिन जेफ्री हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९६० च्या दशकात ते चंदीगडला शाळेत शिकवत होते. पुढे त्यांनी भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांचा अभ्यास केला. नव्या छपाईयंत्रांमुळे वृत्तपत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत कशी पोहोचली, हे त्यांनी २००० सालच्या ग्रंथात मांडले. त्याच अभ्यासात त्यांना दिसले की, वृत्तपत्रांच्या संपादकीय दालनात दलित जवळजवळ नाहीच. २०१२ साली दिल्लीत संपादकांच्याच व्यासपीठावरून त्यांनी हे पुन्हा सुनावले.

त्याआधी १९९६ साली पत्रकार बी. एन. उनियाल यांनी राजधानीत दलित पत्रकार शोधला, तो सापडला नाही. २०१९ च्या एका पाहणीत माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे उच्चवर्णीयांकडे निघाली. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही! यंत्रे बदलली, खुर्च्या बदलल्या नाहीत.

छपाईयंत्रानंतर जेफ्री मोबाईलकडे वळले. असा डोरॉन यांच्यासोबत २०१३ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी उत्तर प्रदेशच्या २००७ च्या निवडणुकीचा अभ्यास मांडला. बसपाच्या कार्यकर्त्यांनी मोबाईलवरून बूथ जोडले. पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या. पण केवळ फोनने हे घडले नाही. वर्षानुवर्षे बांधलेली संघटना आधी होती, फोन नंतर आला. हा धडा आपण गिरवला पाहिजे. खैरलांजीचे हत्याकांड २००६ साली घडले, तेव्हा मोठ्या माध्यमांना जाग यायला वेळ लागला. ती बातमी चळवळीनेच गावोगाव नेली.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेबांनी रडगाणे गायले नाही, स्वतःचे पत्र काढले. त्या पत्रकारितेवर पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ग्रंथ लिहिला. आपला इतिहास आपल्याच प्राध्यापकाने लिहिला, याचे मोल मोठे आहे.

आज मोबाईल आपल्या खिशात असला तरी त्यातली व्यासपीठे कंपन्यांच्या मालकीची आहेत. कोणाचे खाते चालू ठेवायचे, काय वर दाखवायचे, हे मालक ठरवतात. म्हणून आमचे खान्देशातल्या तरुणांना सांगणे आहे : नुसते संदेश पुढे ढकलू नका. जळगावच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवली जाते. तिथे जा, शिका, संशोधन करा, प्राध्यापक व्हा. बातमी तपासून लिहा. आणि चळवळीची पत्रे विकत घेऊन वाचा. आपल्या अनुपस्थितीचा हिशेब परक्या प्राध्यापकाने मांडला. उपस्थितीचा हिशेब आपणच मांडायचा आहे.