सड्याचे पाणी नकाशात दाखवा



कोकण किनाऱ्याच्या चार जिल्ह्यांतील 1,635 गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना मार्च 2024 मध्ये निघाली. तेव्हापासून बांधकाम परवानगी कोण देणार, ग्रामपंचायतीच्या हाती काय उरणार, यावर पुष्कळ बोलले गेले. पण जमीन वापराचा नकाशा कोणत्या माहितीवर रंगवायचा, हा प्रश्न मागेच पडला. आराखडा सिडको करो वा आणखी कोणी, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे जांभ्या खडकाची पठारे, त्यात पडीक म्हणून रंगवले गेले तर पायाच चुकेल, असे मला वाटते.

सातबाऱ्यावर सड्याचा मोठा भाग पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्येही उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा वर्ग आहे. या नोंदींत जमिनीवर काय पिकते ते कळते, तिच्यात काय मुरते ते कळत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सच्छिद्र, भेगाळलेला जांभा त्यातले पाणी पोटात घेतो आणि उतारावरच्या, पायथ्याच्या झऱ्यांतून हळूहळू सोडतो. आमच्या वाड्या, विहिरी, पोफळीच्या बागा सड्याच्या कुशीत वसल्या त्या या पाण्यासाठी. एवढ्या पावसाच्या जिल्ह्यात आजही एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. अशा ठिकाणी पाणी मुरण्याची जागा मोकळी जमीन म्हणून वाटून टाकणे मला अक्षम्य वाटते.

पाण्याखेरीजही सडा बरेच देतो. पावसाळ्यात गुरांची चराई, पुढे कापून ठेवलेले गवत, खळग्यांतल्या मातीत भात, नाचणी, वरी. सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, ते ज्या कीटकांना पोसतात तेच कीटक पुढे आंब्याच्या मोहोरावरही येऊ शकतात. बारसू, देवीहसोळ, कशेळीची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तीही याच कातळावर आहेत.

मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणीय आघात अभ्यास होतोच, मग वेगळे काय हवे, असे विचारले जाईल. तो अभ्यास त्या त्या प्रकल्पापुरता असतो. एक चिरेखाण लहान, दुसरीही लहान. एका सड्यावर त्या किती झाल्या आणि खालच्या किती विहिरींच्या पाण्याच्या वाटा तुटल्या, हे कोणत्याच एका फाइलीत दिसत नाही. ते प्रादेशिक योजनेतच दिसू शकते. निसर्गरम्य क्षेत्रे आणि नैसर्गिक साधनसंपत्ती जपण्याची तरतूद 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात आहेच.

परिसंस्थांच्या सेवांचे रुपयांत मोल काढा, असे काही तज्ज्ञ सुचवतात. मला त्याचा धोका वाटतो. झऱ्याची किंमत ठरली की त्याहून मोठी बोली लावणारा येतोच. आधी कोणत्या वाडीचे पाणी कोणत्या सड्यावरून येते, याचा नकाशा करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आणि मार्चमध्ये कोणता झरा आटतो हे पाठ असलेली माणसे, तिन्ही हाताशी आहेत. नोंदवह्या कागदापुरत्या झाल्या असतील तिथे ग्रामसभेत बसून नव्याने कराव्यात.

गावातली तरुण मुले मुंबईला जातात, त्यांना इथे काम हवे, हे मलाही कळते. कारखाना, हॉटेल, वसाहत कुठे असावी हे ठरवायलाच हा नकाशा लागतो. तो परिशिष्टात टाकून भागणार नाही. आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा झऱ्यांची पाणलोट क्षेत्रे त्यात स्वतंत्र विभाग म्हणून आखलेली असावीत, तिथे खाणकाम आणि बिनशेतीला मनाई असावी, आणि तो विभाग बदलायचा झाल्यास खालच्या वाडीच्या ग्रामसभेची संमती सक्तीची करावी.

आपला,
एक वाचक, राजापूर