जुना फ्रिज भंगारात देताना



बोनस हाती आला की नवा फ्रिज घरात येतो. जुना मात्र गॅलरीत नाही तर जिन्याखाली पडून राहतो. पहिला धोका तिथेच आहे. लपाछपी खेळताना लेकरू आत शिरले आणि दार लागले, तर आत हवा मिळत नाही, हाकही बाहेर येत नाही. म्हणून आधी पिन काढा आणि दार बिजागरीतून सोडवून वेगळे ठेवा.

दुसरा धोका भंगारातला. तांब्यासाठी नळी तोडली की आतला वायू सुटतो. २००३ पूर्वीच्या पुष्कळ फ्रिजमध्ये सीएफसी वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो. अलीकडच्या अनेक फ्रिजमधला वायू तर पेट घेणारा आहे. वायर जाळली की विषारी धूर निघतो. तो कोणाच्या छातीत जातो? कचरा वेचणारे, भंगार फोडणारे हात बरेचसे आपल्याच समाजातल्या बांधवांचे, आयाबहिणींचे आहेत.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत फ्रिजही येतो. तो मोडायचा तर नोंदणी असलेल्या कारखान्यातच. म्हणून नवा घेताना दुकानदाराला विचारा, "जुना नेणार का? पुढे कोणाला देणार?" भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देईल, पण त्याची किंमत दुसऱ्याचे लेकरू मोजेल.

प्राणिहिंसा न करण्याचे शील आपण विहारात घेतो. ते जिन्याखालीही पाळायचे असते.

जयभीम! नमो बुद्धाय!