चढाईचे पैसे घ्या, पण कॉलेज विचारून निवडा

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या काही घरांतले फोन वाजू लागतात. आर्णी घ्या, दारव्हा घ्या, घाटंजी, मारेगाव, कुठलाही तालुका घ्या. ज्या पोराने हिवाळ्यात गावोगावच्या कबड्डी सामन्यांत मैदान गाजवलं, त्याला कॉलेजचं बोलावणं येतं. फी माफ, होस्टेल आमचं, किट आमची, वरखर्चाला महिन्याला काहीतरी देऊ. बाप कापसाच्या भावाने गांजलेला, आई हरखलेली आणि पोरगं तर फोन ठेवायच्या आधीच तयार. हे लिहिणं त्या तिघांसाठी आहे. आणि थोडं त्यांच्यासाठीही, जे रात्री बारापर्यंत मैदानाच्या दोरीला लागून बसतात आणि भोंग्यावर बक्षीस पुकारतात.

आधी एक सांगून टाकतो. खेळाचे पैसे घेण्यात काहीही वावगं नाही. खेळात पैसा आला आणि खेळ नासला, असं म्हणणारी जुनी मंडळी प्रत्येक गावात असतात. त्यांचं ऐकून घ्या, मान डोलवा आणि सोडून द्या. ढेकळांच्या मातीवर गुडघे-कोपरं सोलून घेणाऱ्याने फुकट खेळावं आणि मंडप, भोंगा, पाहुण्यांचे हार यांचे पैसे मात्र रोख चुकते व्हावेत, हा कुठला न्याय? 2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावात राकेश कुमारला लागलेली 12 लाख 80 हजारांची बोली सगळ्यांत मोठी होती. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार मिळाले. शेतकऱ्याच्या पोराला आपल्या अंगातल्या दमाला किंमत आहे हे त्यातूनच कळलं. चांगलंच झालं.

पण टीव्हीवरची किंमत कशी चालते तेही बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. मग 2021-22 च्या हंगामात दुखापत झाली, मोसम वाया गेला आणि 2022 च्या लिलावात तोच गडी 20 लाखांवर आला. 2023 मध्ये हरयाणा स्टीलर्सने पुन्हा कोटी दिले. हा महाराष्ट्रातल्या सगळ्यांत गाजलेल्या चढाईपटूंपैकी एक. त्याच्यामागे संघ होता, डॉक्टर होते, करार होता. आपल्या पोराच्या मागे कोण आहे, हे घरात बसून एकदा नीट बोला.

कॉलेजला तुमचं पोरगं का हवं असतं? अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन सामने जिंकले, दोन-तीन पोरांना विद्यापीठाच्या संघात निवड होऊन कलर मिळाला, की कॉलेजचं नाव पेपरात येतं. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या क्रीडा पदकांचीही नोंद लागते, त्यामुळे प्राचार्यांनाही ते हवं असतं. यात लबाडी काही नाही. कॉलेजला गरज आहे, तुम्हाला गरज आहे. फक्त गरज दोन्हीकडून आहे, हे बोलणी करताना विसरू नका.

बोलावणं कुणाला येतं, हे मात्र बऱ्याचदा प्रेक्षक ठरवतो. हे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. भोंग्यावर पुकारा होतो, या चढाईवर अमक्या भाऊंकडून पाचशे रुपये. पोरगं चढाई करतं, दोन गडी मारून येतं, गर्दी उठते, कुणीतरी मोबाइलवर टिपतं आणि सकाळपर्यंत ती रील तालुकाभर फिरलेली असते. कॉलेजच्या क्रीडा संचालकापर्यंतही तीच पोचते. डाव्या कोपऱ्यात उभं राहून घोटा धरणारा, सामना ओढून आणणारा पोरगा त्या रीलमध्ये दिसतच नाही. सामना पकडीवर जिंकला जातो आणि पैसा चढाईवर पडतो. त्यामुळे गावातली दहा पोरं रेडर व्हायला बघतात आणि कोपरा धरायला कुणी राहत नाही. कोपऱ्यातल्या पोरांनो, आपल्या पकडींचे व्हिडिओ स्वतः काढून ठेवा आणि सरांना दाखवा. ज्या सरांना खेळ कळतो, ते तुम्हालाच आधी उचलतील.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांतही प्रेक्षकांच्या पैशावर असंच चाललं आहे, फक्त आकडे आपल्या डोळ्यांत मावणारे नाहीत. 1 जुलै 2021 पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. चाहत्यांनी वर्गणी काढून निधी उभे केले आणि चांगला खेळाडू आपल्या कॉलेजात ओढायला त्यातून पैसा पुरवला. 1 जुलै 2025 पासून तर कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. दरवर्षी कॉलेज बदलणारी पोरं तिथे आता नवलाची राहिलेली नाहीत. आणि तिथेही तोंडी शब्दावर फसगतीची ओरड होतेच. 2024 मध्ये लास व्हेगासच्या विद्यापीठाचा एक फुटबॉल खेळाडू तीन सामने खेळून मोसमाच्या मध्यातच निघून गेला. लाख डॉलर देतो म्हणाले होते, दिले नाहीत, असं त्याच्या बाजूच्यांचं म्हणणं. असं काही ठरलंच नव्हतं, असं विद्यापीठाचं. वकील-एजंट असलेल्या देशात ही गत. आपल्याकडे तर सगळा व्यवहार चहाच्या टपरीवर होतो.

म्हणून कागद मागा. मागायला लाजू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी पुरतात: काय देणार, किती महिने देणार, कुणाच्या सहीने देणार. जो माणूस फोनवर रोज सायंकाळी बोलतो आणि कागदाचं नाव काढलं की "आपल्यावर विश्वास नाही का भाऊ" म्हणतो, त्याच्या कॉलेजात पोरगं घालू नका.

'फी माफ' या बोलीकडे नीट बघा, कारण बहुतेक घरं इथेच भुलतात. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी या वर्गांतल्या पोरांची फी, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर, पूर्ण किंवा अर्धी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीतून तशीही भरली जाते. खुल्या वर्गातल्या गरीब पोरांसाठीही योजना आहेत. म्हणजे कॉलेज जे माफ करतो म्हणतं, ते बऱ्याचदा सरकारने आधीच दिलेलं असतं. तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि मग विचारा, की याच्यावर तुमचं काय? जेवण? गाडीभाडं? बूट? उत्तर तिथे कळेल. आणि मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेऊ लागलं तर देऊ नका. टीसी जमा होतो, ते ठीक. पण मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, असं यूजीसीने 2018 मध्येच बजावलं आहे.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. लिगामेंट तुटलं तर ऑपरेशन, मग व्यायाम, मैदानावर परतायला साधारण नऊ महिने. खासगी दवाखान्यात लाखाच्या घरात खर्च सहज जातो. पोरगं कॉलेजच्या सामन्यात पडलं तर खर्च कोण करणार, आणि ते नऊ महिने होस्टेलची खोली राहणार की जाणार? हे प्रवेशाच्या आधी विचारायचं असतं. लंगडत घरी आल्यावर विचारून काही मिळत नाही. सूज असताना इंजेक्शन घेऊन गावच्या सामन्यात उतरणारी पोरं दिसतात, दोन हजारांसाठी. आई-बाबांनो, त्या रात्री पोराला घरी बसवा. शिव्या खा, पण बसवा.

आता प्रमाणपत्र. गावच्या सामन्यात कितीही मोठी ढाल मिळाली, तरी ती नोकरीच्या अर्जाला लागत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेची, ठरलेल्या दर्जाची स्पर्धा लागते. वर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. कबड्डीत आपल्याला विदर्भाची वेगळी संघटना आहे, राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो. त्यामुळे संधी मुंबई-पुण्याच्या गर्दीत हरवत नाही, एवढी तरी सोय आहे. आता समजा निवड चाचणीच्या दिवशीच शेजारच्या गावात 31 हजारांचे सामने आहेत आणि ते भरवणारं मंडळ म्हणतं, एक रात्र ये, हजार रुपये घे. चाचणीला जा. कुठली स्पर्धा ग्राह्य आणि कुठली नाही, हे शंकेत ठेवू नका. यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन तोंडावर विचारा. त्यांचं कामच आहे ते.

हजेरीचं आणि वयाचं थोडक्यात सांगतो. परीक्षेला बसायला 75 टक्के लागते, आणि आंतरविद्यापीठ सामन्यांना वय 25 च्या आत लागतं. खेळासाठी कोर्स बदलत, पहिल्या वर्षात दोन-दोनदा नाव घालत बसलेला पोरगा पंचविशी उलटल्यावर कॉलेजला नको असतो, आणि हातात पदवीही नसते.

मंडळवाल्या भाऊंनो, आता तुमच्याकडे येतो. बक्षिसाची रक्कम वाढली की बाहेरगावचे सात गडी आणून आपल्या नावाची जर्सी घालायची, ही पद्धत पडली आहे. लोकांना तमाशा छान मिळतो, मान्य. पण ढाल गावात राहते आणि गावची पोरं दोरीच्या बाहेर. पत्रकात एक ओळ घाला: सातपैकी निदान चार गडी त्याच तालुक्याचे. पकडीलाही पुकारून बक्षीस द्या.

आणि मुलींचे सामने सकाळी अकराला, मंडपात खुर्च्या लावायचं काम चालू असताना उरकू नका. त्यांच्यावर पुकारा होत नाही, रील निघत नाही, म्हणून फोनही येत नाही. प्रो कबड्डीवाल्यांनी 2016 मध्ये बायकांची स्पर्धा एकदाच घेतली आणि गुंडाळली. तिथल्या लिलावाची वाट त्यांना अजून उघडलेली नाही. त्यांच्यासाठी कॉलेज, कलर आणि नोकरी हाच रस्ता आहे. या हिवाळ्यात मुलींची फायनल रात्री आठला ठेवा, पुरुषांच्या सेमीफायनलच्या आधी, आणि बक्षीस तेवढंच ठेवा.