साहेबांची बदनामी, कार्यकर्त्याची फिर्याद

‘साहेबांबद्दल कुणीही वाट्टेल ते लिहावं आणि आम्ही गप्प बसावं?’ हा सवाल टाकणाऱ्याला आमच्या पट्ट्यात उत्तराची अपेक्षा नसते. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपासून बारामतीच्या बाजार समितीपर्यंत नुसतं ‘साहेब’ म्हटलं तरी पुरतं, आडनाव लावावं लागत नाही. पाणी, कारखाना, दूध, कॉलेज, पोराची नोकरी, सगळ्याला कुठे ना कुठे त्या नावाचा हात लागलेला. म्हणून या सवालामागचा राग खोटा नाही, हे आधीच मान्य करतो. खोटा आहे तो त्या रागातून काढलेला निष्कर्ष : मला राग आला, म्हणजे मला फिर्यादीचा हक्क आला.

मे 2022 आठवा. अभिनेत्री केतकी चितळे हिने साहेबांवरची, म्हणजे शरद पवारांवरची, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाची, एक पद्यवजा पोस्ट फेसबुकवर टाकली. 14 मे रोजी तिला अटक झाली, ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि बाहेर पडायला जूनचा चौथा आठवडा उजाडला. त्याच सुमारास नाशिककडचा फार्मसीचा एक विद्यार्थी ट्वीटपायी महिनाभर आत राहिला. त्या ट्वीटमध्ये पवारांचं नाव नव्हतं, बारामतीचं होतं. पद्मविभूषण मिळालेल्या माणसाच्या नावाला अशा कारवाईनेच बाधा येते, विद्यार्थ्याला असं डांबलेलं खुद्द त्यांनाही रुचणार नाही, अशा आशयाचं मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला तेव्हा सुनावलं होतं.

यावर समोरच्याचा पहिला मुद्दा वजनदार आहे. केतकीची पोस्ट विडंबन नव्हतीच, ती आजारपणावर आणि चेहऱ्यावर घसरलेली होती. कबूल. मलाही ती किळसवाणी वाटली. विडंबनकाराची नजर माणसाच्या वागण्यावर असावी लागते, तिथे होता तो नुसता डूख. पण किळस हा गुन्ह्याचा निकष धरला तर बाळासाहेब ठाकऱ्यांचं काय करायचं? ते भर सभेत पवारांना ‘मैद्याचं पोतं’ म्हणत. तेही देहावरच होतं की! पवारांनी ते पचवलं, मैत्री राखली. 2006 मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा याच ठाकऱ्यांनी त्यांची वाट मोकळी ठेवली. ज्याला बोललं त्याने हसून सोडलं आणि त्याच्या गाडीमागे धावणाऱ्याच्या भावना दुखावल्या, असा हा प्रकार.

दुसरा मुद्दा कायद्याचा, आणि इथेच खरी मेख आहे. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा. पोलिसांनी वॉरंटशिवाय उचलायचं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 199 प्रमाणे ज्याची अब्रू गेली त्याने न्यायालयात तक्रार करायची, त्याच्या तालुकाध्यक्षाने नव्हे. मग कार्यकर्त्याचं जमायचं कसं? त्यासाठी जुन्या दंड संहितेतल्या अब्रुनुकसानीच्या 500 च्या जोडीला 153-अ आणि 505(2) लावायचं. ही कलमं धर्म, वंश, भाषा, जात, प्रदेश अशा समूहांत वैर पेटवणाऱ्यांसाठी होती. साहेबांचे कार्यकर्ते ही कुठली जात, कुठली भाषा? 1 जुलै 2024 पासून कलमांचे आकडे बदलले, युक्ती तीच राहिली. मार्च 2025 मध्ये विनोदवीर कुणाल कामराने एकनाथ शिंद्यांवर विडंबनगीत म्हटलं तेव्हा फिर्याद शिंद्यांची नव्हती, त्यांच्या पक्षाच्या आमदाराची होती. ते गाणं जिथे झालं तो खारचा स्टुडिओ शिवसैनिकांनी फोडला आणि 24 मार्चला तिथे महापालिकेचा हातोडा पोचला. बरोबर दहा वर्षांपूर्वी, 24 मार्च 2015 रोजीच, सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह लिखाणाला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम रद्द केलं होतं. योगायोगालाही विनोदबुद्धी असते.

केतकीच्या अटकेला टाळ्या वाजवणारे अनेकजण कामरासाठी घटनेचं 19 वं कलम तोंडपाठ म्हणू लागले, आणि तेव्हा केतकीसाठी गळा काढणाऱ्यांना आता कामराचा माज दिसू लागला. आमच्याकडे तर 2023 मध्ये साहेबांचा राष्ट्रवादी पक्षच फुटला. कालपर्यंत एका गाडीत बसणारे ‘साहेब’ आणि ‘दादा’ म्हणजे अजित पवार असे वाटले गेले, आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांची अशी उडवू लागले की केतकीने शिकवणी लावावी. मग कुणी कुणावर फिर्याद द्यायची?

‘आपल्या संस्कारात हे बसत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी फार शब्द खर्चत नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच निमगावात मुक्काम करते. दांभिकांची सालटी काढणाऱ्या त्या वाण्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तेव्हाही कुणाच्या तरी भावनाच दुखावल्या होत्या.

‘गावं पेटतील’ हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेत नाही. पण पेटेल की नाही हे ठरवायचं कुणाच्या काळजावरून? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कसोटी घालून दिली : शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावरून तोलावा, हळव्या आणि डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे. 28 मार्च 2025 रोजी इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी पुन्हा उचलली.

मग मर्यादा नाहीच का? आहे. जिवाची धमकी, जातीवरून शिवीगाळ, बाईचं बनावट छायाचित्र, ‘अमक्याने इतके कोटी खाल्ले’ असं जाणूनबुजून ठोकून दिलेलं खोटं, हे विडंबन म्हणून खपवू नये. त्या विद्यार्थ्याने बारामतीसाठी नथुराम मागितला होता. पोलिसांनी बोलावून चौकशी करणं रास्त होतं. महिनाभर कोठडी रास्त नव्हती.

बाकीच्याला उत्तर बोलूनच देता येतं, हे आमच्या इंदापूर तालुक्याने पाहिलंय. एप्रिल 2013, दुष्काळाचं साल. निंबोडीच्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याची टिंगल केली. तिथे सत्ताच तहानलेल्याला हसत होती. राज्य खवळलं, विधिमंडळ ठप्प झालं, त्यांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. हे घडवायला फौजदार लागला नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मध्ये सोय आहे : तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. कामरावर लावलेल्या न्याय संहितेच्या 353 सारखी कलमं यात बसतात. तेव्हा झेंडे लावलेल्या दहा गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात शिरल्या, तरी ठाणे अंमलदाराने आधी एवढंच विचारावं : अब्रू कुणाची गेली, आणि ते स्वतः आलेत का?