सांधा स्वदेशी हवा

जून 2023 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका दौऱ्याच्या वेळी जनरल इलेक्ट्रिक आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांच्यात एफ-414 या लढाऊ विमानाच्या इंजिनाविषयी सामंजस्य करार झाला. मथळे रंगले ते इंजिनावर. हस्तांतरित व्हावयाच्या तंत्रांची जी यादी त्या वेळी वृत्तपत्रांतून आली, तिच्यातील एका साध्याशा नावाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते नाव होते फ्रिक्शन वेल्डिंग, म्हणजे घर्षणाने धातू सांधण्याचे तंत्र. तालुक्याच्या गावी नाक्यानाक्यावर ठिणग्या उडवीत चालणारे हे वेल्डिंगचे काम. त्याचे तंत्र महासत्तेकडून मागून घ्यावे लागावे, याचे हिंगणघाटच्या नागरिकाला नवल वाटेल. ते वाटलेच पाहिजे.

नेहमीच्या वेल्डिंगमध्ये धातू वितळतो आणि पुन्हा गोठतो. गोठताना त्यात बुडबुडे राहतात, भेगा शिरतात. घर्षणाच्या पद्धतीत धातू वितळतच नाही. एक भाग वेगाने फिरवायचा, दुसरा स्थिर धरून त्यावर दाबायचा. घासल्याने दोन्ही तोंडे तापून मऊ होतात. मग फिरणे थांबवून दाब वाढविला की काही सेकंदांत दोघांचा एकजीव होतो. तांबे आणि पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद अशा एरवी न जमणाऱ्या जोड्याही या रीतीने जमतात. अरणीमंथनाने यज्ञाचा अग्नी सिद्ध करणाऱ्या समाजाला घर्षणाची उष्णता अपरिचित नाही. पण तेवढ्यावरून हे यंत्रही पूर्वजांनीच शोधले होते, असे सांगत सुटण्याचे कारण नाही. 1956 च्या सुमारास त्याला व्यावहारिक रूप दिले ते सोव्हिएत रशियातील चुडिकोव्ह नावाच्या एका यंत्रकामगाराने. 1991 मध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत त्याचीच पुढची पायरी निघाली. तिच्यात फिरणारी खुंटी सांध्यावरून चालवून अ‍ॅल्युमिनियमचे जाड पत्रे जोडतात. युरोफायटरच्या इंजिनात तर पाती चकतीवर घासूनच बसविलेली असतात.

असे यंत्र पैसे मोजले की मिळते. कोणत्या मिश्रधातूला किती फेरे, किती दाब, किती वेळ, ही मापे मात्र कोणी सहजी देत नाही. ती शेकडो नमुने जोडून आणि तोडून मिळवावी लागतात. पोखरणनंतर, 1998 मध्ये, अमेरिकेत तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठविण्यात आले. त्यापूर्वी 1993 मध्ये अमेरिकेच्याच दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र देण्यास नकार दिला होता. आज मिळालेली यादी उद्याही उघडी राहील, या भरवशावर कोणत्या राष्ट्राने निर्धास्त झोपावे?

हिंगणघाटला हा विषय दूरचा नाही. उत्तरेला पाऊणशे किलोमीटरवर नागपूरचा अंबाझरी आयुध कारखाना आहे. दक्षिणेला रेल्वेमार्गावर भांदक आणि तेथे भद्रावतीचा चांदा आयुध कारखाना. दोन्ही 1962 च्या चिनी आक्रमणाने दिलेल्या धक्क्यानंतर उभे राहिले. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा यंत्र इंडियाचे मुख्यालय नागपूरला आले. आणि वर्धा जिल्ह्यातच पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. 30-31 मे 2016 च्या रात्री तेथे आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी होरपळून गेले. सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते, याकडे सेनेने बोट दाखविले. ते प्रकरण वेल्डिंगचे नव्हते. तथापि कारखान्यात राहिलेली उणीव वर्षांनंतर कोणाच्या घरात शोक घेऊन येते, हे या जिल्ह्याला शिकविण्याची गरज उरलेली नाही.

एके काळी या गावच्या नावाने कापूस विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे गिरण्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर यंत्र जाणणारी माणसे. आजही येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुले वर्षभराचा वेल्डरचा अभ्यासक्रम पुरा करतात आणि पुष्कळदा ट्रॉल्या नि खिडक्यांच्या जाळ्या जोडण्यात आयुष्य घालवितात. त्या कामात कमीपणा नाही. परंतु नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग असताना आणि आयुध कारखाने शिकाऊ उमेदवार घेत असताना या दोहोंची गाठ तालुक्याच्या कार्यशाळेशी पडू नये, हे केवळ सरकारी कपाटांच्या भिंतींमुळे. खासदार-आमदारांकडे रस्ते आणि सभागृहे मागणाऱ्यांनी एकदा घर्षण-वेल्डिंगचे एक लहान यंत्र आणि नमुने ओढून तोडण्याचे एक चाचणीयंत्र मागून पाहावे. कारखान्यांनी आपला एखादा निवृत्त फोरमन आठवड्यातून दोन दिवस पाठवावा. पहिल्या वर्षी बहुतेक नमुने तुटतील. ते तुटू द्यावेत आणि प्रत्येकाचे फेरे, दाब आणि वेळ वहीत मराठीत लिहून ठेवावेत.